काळ्या रबरातले खडे

कलकत्त्याच्या त्या रबर कारखान्यात नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पांढरी, खळ दिलेली सुती साडी नेसून गेले. पुण्याहून केमिस्ट्रीची पदवी घेऊन आलेल्या मुलीने पहिल्या दिवशी टापटीप दिसलं पाहिजे, अशी माझी समजूत. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझा थोरला भाऊ फोर्ट विल्यममधल्या एका सरकारी कचेरीत बदलून आला होता. त्याच्या बिऱ्हाडी मी राहायला आले आणि दिवसभर वहिनीला ‘काही करू का’ विचारत बसण्यापेक्षा नोकरी बरी, म्हणून अर्ज टाकला. कारखाना डमडमच्या पुढे, बराकपूरच्या लाइनवर. पाण्याच्या आणि वाफेच्या रबरी नळ्या तिथे बनायच्या. मला प्रयोगशाळेत घेतलं होतं, पण प्रयोगशाळा म्हणजे मिश्रण खात्याच्या कोपऱ्यात काचेचं दार लावलेली एक खोली, आणि मिश्रण खातं म्हणजे काजळीचं राज्य. तेल जाळून धरलेली ती काजळी पोत्यांतून यायची. इतकी बारीक की उडताना दिसायची नाही. दिसायची ती नंतर, आपल्या अंगावर.

बारा वाजेपर्यंत माझ्या साडीचा रंग कोणता होता हे सांगता येईना. मी रडवेली होऊन पदर झटकत होते आणि डाग आणखी पसरत होते. तेवढ्यात मागून स्वच्छ मराठीत कुणीतरी म्हणालं, "झटकू नकोस. झटकली की काजळी आत शिरते. तिला राहू द्यावं आणि आपण घरी जावं."

मी वळून पाहिलं. बुटकी मूर्ती, खाकी पँट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, कानाच्या पाळ्यांपर्यंत काळा माणूस. हे रामकृष्ण टिपणीस, मिश्रण खात्याचे प्रमुख. वय पंचावन्नच्या पुढचं. आजोबांच्या काळापासून घराणं कलकत्त्यात, त्यामुळे बंगाली त्यांची पाण्यासारखी आणि मराठी जपून ठेवलेल्या शालूसारखी, घडी न मोडलेली.

"पुण्याची ना तू?" ते म्हणाले. "माझी आजी सांगायची, पुण्याच्या मुली फार भांडखोर असतात."

"मी नाही हो तशी," मी घाईघाईने सांगून टाकलं.

"अरेरे!" त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "मग या खात्यात तुझं कसं व्हायचं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. आत दोन जुन्या साड्या, एक गडद तपकिरी, एक जांभळट काळी. त्यांच्या बायकोच्या. त्यानंतरची तीन वर्षं मी कामावर त्याच साड्या आलटूनपालटून नेसले, आणि टिपणीसांना टिपणीसकाका म्हणू लागले. त्या साड्यांतली एक अजून माझ्या ट्रंकेत आहे. काकांविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. दर वेळी लिहायला बसले की शेवटची भेट आठवायची आणि मी उठून जायची.

त्यांचे हात आधी सांगते. काजळी त्यांच्या तळव्याच्या रेषांत कायमची बसली होती. रोज संध्याकाळी ते आधी मोहरीचं तेल चोळायचे, मग साबण, मग पुन्हा तेल. हे सगळं झालं की हात वर धरून म्हणायचे, "बघ, गोरा झालो." रेषा काळ्या त्या काळ्याच. एका ज्योतिषाने म्हणे त्यांचा हात बघायला नकार दिला होता. इतक्या ठळक रेषा त्याने आयुष्यात पाहिल्या नव्हत्या, घाबरला बिचारा. हे काका स्वतःच सांगायचे, आणि दर वेळी ज्योतिषाचं गाव बदललेलं असायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला रबराच्या दोन पट्ट्या दिल्या. एक पिवळट, एक काळी. म्हणाले, "ओढ." पिवळी लांबली, लांबली आणि फटकन तुटली. काळी मी दोन्ही हातांनी, मग टेबलाला पाय लावून ओढली, तरी तुटेना.

"रबर दोन्हीत तेच," काका म्हणाले. "फरक फक्त काजळीचा."

"म्हणजे भर घातली," मी कॉलेजातलं ज्ञान पाजळलं.

"भर खडूचीही घालता येते. खडूने पोट भरतं, ताकद येत नाही. काजळीचा कण किती बारीक, माहितीय? चिमूटभर काजळीचं सगळं अंग उलगडून पसरलं ना, तर ही खोली पुरायची नाही. त्या अंगाला रबराचे धागे धरून बसतात. मग ताण आला की तो एका धाग्यावर येत नाही, शेजारपाजारचे वाटून घेतात. पण अट एकच. कण सुटे झाले पाहिजेत. आणि बारीक वस्तूची खोड अशी की ती आपापसात गोळा होते. तसा गोळा रबरात राहिला की ताकद राहिली बाजूला, फाटायला सुरुवात तिथूनच होते. त्याला मी खडा म्हणतो. भातात शितं हजार असू देत, दात पडतो तो खड्यावरच."

हे खडे शोधणं हे त्यांचं आयुष्य होतं. खात्यात दोन जाडजूड लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरत असायचे, त्यांच्या मधल्या फटीत रबर मळलं जायचं आणि वरून थोडी थोडी काजळी पडायची. याला कारखाना ‘मिल’ म्हणे आणि एका वेळच्या मिश्रणाला ‘बॅच’ म्हणे. काका त्याला घाणा म्हणत, काकू चकल्यांचा म्हणतात तसा. प्रत्येक घाणा उतरला की ते त्याचा एक तुकडा घेत, दाढीच्या नव्या पात्याने एका झटक्यात कापत, खिडकीशी जात आणि कापलेल्या बाजूवर भिंग धरत. काप आरशासारखा चमकला तर घाणा पास. काप मंद दिसला, त्यात कण दिसले, की घाणा परत मिलवर. पास झालेल्या तुकड्यावर खडूने एक बारीक ‘टि’ काढायचे. तो तुकडा कागदात गुंडाळून, तारीख घालून माझ्या कपाटात ठेवायचा, हे माझं काम. त्या ‘टि’शिवाय घाणा खात्याबाहेर जात नसे.

मिलवर हरिपद असायचा. वीस वर्षं काकांच्या हाताखाली. तो डोळ्यांनी नाही, कानांनी घाणा ओळखायचा. रबर नीट मळलं गेलं की रुळांमध्ये फटफट असा आवाज येतो. तो आला की हरिपद न बघता ओरडायचा, "बाबू, होये गेछे!" आणि काका भिंग न काढता ओरडायचे, "आर एकटू!" झालं, आणि अजून थोडं. वीस वर्षं दोघांचा हाच संवाद. हरिपदच्या हिशेबी घाणा झालेला असायचा, काकांच्या हिशेबी कधीच नाही.

एकदा त्यांच्या डमडमच्या घरी जेवायला गेले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गल्लीवर एक सज्जा. मूलबाळ नव्हतं. काकू नागपूरच्या, सडसडीत आणि सडेतोड. शेजारच्या बंगाली बाळासाठी त्या काजळ करत होत्या. दिव्यावर धरलेल्या ताटलीची काजळी खरवडून बोटाने घोटत होत्या, आणि खूप घोटल्यावर मग थेंब थेंब तूप. काका मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघून ठेव. आधी काजळी, मग तूप. तूप आधी घातलं तर सगळं निसरडं होतं. बोट नुसतं घसरतं, गोळे फुटत नाहीत. मिलवर तेलाचंही तेच. काजळी पूर्ण मुरल्याशिवाय तेलाचा थेंब घालायचा नाही."

"हे कारखान्यातलं शहाणपण नव्हे हं," काकू मान वर न करता म्हणाल्या. "हे माझ्या आईचं. यांनी माझ्याकडून चोरलंय आणि तिथे पगार घेतात."

काका मान डोलावत हसले. त्यांना काकूंचं असं बोलणं फार आवडायचं.

कलकत्त्यातल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव व्हायचा. आम्ही बदलीवरची माणसं एका कोपऱ्यात सतरंजीवर दाटीवाटीने बसायचो आणि चांगली भाजी कुठे मिळते, मुलांचं मराठी कसं बिघडतंय, पुढची बदली कुठे, हेच बोलायचो. काका तिथे बसायचेच नाहीत. मागे स्वयंपाक्यांपाशी, मांडव घालणाऱ्या बंगाली माणसांपाशी असायचे. एका वर्षी दादाने त्यांना हाक मारली, "या की टिपणीस, आपल्या माणसांत." काकांनी आमच्या सतरंजीकडे भिंग लावल्यासारखा एक डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हा खडा आहे हो. माझ्या खात्यात पास झाला नसता." दादाला ते लागलं. आठवडाभर घरात त्यांचं नाव निघालं नाही. पण नंतर वहिनीच शेजारच्या बंगाली बाईकडे उठबस करायला लागली, आणि तिथून आमच्या घरात पहिल्यांदा मोहरीतला मासा आला.

कुणाला राग येईल म्हणून गप्प बसावं, हे त्यांना जमायचंच नाही. एकदा मोठ्या मागणीचा घाणा त्यांनी अडवला. मॅनेजरसाहेब स्वतः खाली आले. म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर सोडा." काका उठले, रबराच्या थप्पीवर चढून बसले, मांडीवर डबा उघडला आणि पोळी-भाजी खायला लागले. साहेब समोर उभे, काका थप्पीवर जेवतायत. शेवटी साहेबच हसले आणि घाणा परत मिलवर गेला. संध्याकाळी काका मला म्हणाले, "कुमुद, तू का ग गप्प होतीस? तूही पाहिला होतास ना काप?" मी म्हटलं, "साहेबांसमोर मी काय बोलणार?" ते म्हणाले, "साहेबांसमोरच बोलायचं असतं. माझ्यासमोर कोण ऐकतंय?"

मी हसले होते. त्यांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मी हसून सोडून दिल्या.

तिसऱ्या वर्षी कारखान्यात नवी, आणखी बारीक काजळी आली. कण जितका बारीक तितकं अंग जास्त, आणि नळी तितकी मजबूत. पण जितकी बारीक तितकी गोळा होणारी, आणि मळायला अवघड. काका लहान मुलासारखे खूश होते आणि धास्तावलेलेही. त्याच सुमाराला त्यांच्यात काही बदल माझ्या लक्षात येऊ लागले. ते खिडकीशी आधीपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे. काप बघून झाला की त्यावर अंगठा फिरवून बघायचे, हे पूर्वी कधी नव्हतं. तापमापकाचा आकडा मला वाचायला लावायचे, "तुला सवय व्हावी म्हणून." एका दुपारी त्यांनी कपात चहा ओतला तो कपाच्या शेजारी. टेबलावरून चहा खाली ठिबकत होता आणि ते भांडं तसंच धरून होते. हरिपदने फडकं आणलं, कप त्यांच्या हातात दिला आणि मिलवर निघून गेला. तेव्हा मला कळलं की हरिपदला हे कधीपासूनच माहीत आहे.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यात जास्त. काकूंनी मला नंतर सांगितलं की काकांच्या वडिलांचा एक डोळा मोतीबिंदूच्याच शस्त्रक्रियेत कायमचा गेला होता, म्हणून ते डॉक्टरचं नाव काढू देत नसत. आणि डोळा गेला तर त्यांना कारखान्यात ठेवणार कशाला? पात्याने तर कुणीही कापेल. ते कुणाजवळ बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. हरिपद घाणा आणखी थोडा जास्त मळायचा, इतका की बघायची गरजच पडू नये. मी आकडे मोठ्याने वाचायची. आम्ही सगळे मिळून त्यांचा डोळा सांभाळत होतो, आणि याचा आम्हाला मनातून अभिमानही वाटायचा.

मग हरिपद बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेला.

बदली माणूस नवा होता. वाईट नव्हता, घाईत होता. नवी काजळी फार उडते म्हणून त्याने धूळ दाबायला तेल आधीच ओतलं. त्यात मध्येच लाइट गेली. रूळ थांबले, रबर निवलं, पाऊण तासाने लाइट आली तेव्हा त्याने उरलेलं कसंबसं उरकलं. वाफेच्या नळीचा घाणा होता. काकांनी तुकडा घेतला, कापला, खिडकीशी गेले. बराच वेळ उभे राहिले. अंगठा फिरवला. मी शेजारीच उभी होते, कागद हातात घेऊन. त्यांच्या खांद्यावरून मला तो काप दिसत होता. चमकत नव्हता. त्यात टाचणीच्या टोकाएवढे कण होते. मी एक पाहिला, मग दुसरा, मग तिसरा.

वाटलं, पात्याचा कचरा असेल. वाटलं, माझ्या तीन वर्षांच्या डोळ्यांना काय कळतंय, ते तीस वर्षं बघतायत. पण खरं सांगते, हे मी नंतर रचलेलं आहे. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की मी ‘काका, खडे आहेत’ म्हटलं तर त्यांना दिसत नाही हे सगळ्यांसमोर उघडं पडेल. बदली माणूस समोर उभा होता, दारात दुसऱ्या खात्याचा एक कारकून. मला ते करवेना.

काकांनी ‘टि’ काढला. तुकडा माझ्या हातात दिला. मी तो कागदात गुंडाळला, वर तारीख घातली आणि कपाटात ठेवला. त्या घाण्याची पट्टी माझ्या यंत्रावर ओढली तर तीही चांगली निघाली, कारण खडे सगळीकडे नसतात. मी तो आकडा दोनदा लिहिला आणि घरी गेले.

त्या घाण्याच्या नळ्या थंड पाण्याच्या चाचणीत पास झाल्या. एक लांब तुकडा आमच्याच कारखान्यात ठेवून घेतला होता, मिश्रण ठेवून तेलकट झालेल्या परातीसारख्या तबकांवर वाफ मारून ती साफ करायला. दीड-दोन महिने ती नळी रोज वाकत होती, तापत होती, निवत होती. एका शनिवारी दिवसपाळी संपताना हरिपद तबकं साफ करत होता आणि नळी हातातच फुटली.

मी तो आवाज ऐकला. हरिपदचा आवाज नंतर ऐकला. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. काकांनी त्याला धरलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "कोथाय लेगेछे? कोथाय?" कुठे लागलंय, कुठे. हात त्यांच्या समोरच होता. त्यांना दिसत नव्हता.

हरिपद वाचला, पण बोटं आखडली. मिलवर तो पुन्हा उभा राहिला नाही. त्याला दारावर पहारेकऱ्याची खुर्ची दिली.

चौकशी बसली. फाटलेल्या जागी गोळा सापडला, बोटाने चुरडावा असा. मग माझ्या कपाटातला तुकडा मागवला, साहेबांनी तो बघितला आणि परत दिला. बदली माणसाने तेल आधी घातलं हे त्याने रडत कबूल केलं होतं, आणि साहेबांना तेवढं पुरे होतं. त्यांनी काकांना सांगितलं, "तसं लिहून द्या, प्रकरण संपलं."

काका माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि म्हणाले, "कागद घे. मला ओळ सरळ येत नाही आता." त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. मिलवर चूक कुणाचीही होऊ शकते. ती पकडण्यासाठीच मला नेमलेलं आहे. मला वर्षभर नीट दिसत नाही. ही गोष्ट मी लपवली. तुकडा मी पास केला. एवढं झाल्यावर म्हणाले, "लिही, नमुना मी एकट्यानेच तपासला. तेव्हा दुसरं कुणी हजर नव्हतं."

माझी लेखणी थांबली.

"लिही ग," ते म्हणाले. "तुला उगीच कशाला प्रश्न विचारायचे? तू कागद धरून उभी होतीस एवढंच."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, वळणदार. दुसरं कुणी हजर नव्हतं. त्यांनी खाली सही केली ती ओळ सोडून कागदाच्या कडेला गेली. मी तेव्हाही बोलले नाही. मला वाटतं, खिडकीपाशी गप्प बसले त्यापेक्षा हे वाईट होतं. तिथे निदान त्यांची अब्रू राखायचं निमित्त तरी होतं. इथे मी फक्त स्वतःला राखत होते.

बदली माणसाची नोकरी राहिली. काकांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. जाताना भिंग माझ्या टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. तेल, साबण, तेल. "बघ, गोरा झालो" मात्र म्हणाले नाहीत.

त्यानंतर त्यांना दवाखान्यात नेलं ते हरिपदने. काकूंनी हात टेकले होते, दादाने समजावून पाहिलं होतं. हरिपद एका रविवारी त्यांच्या दारात उभा राहिला, आखडलेला हात चादरीत गुंडाळलेला, आणि म्हणाला, "चोलुन बाबू. आमार हात तो आर होबे ना, आपनार चोख टा होक." चला बाबू, माझा हात काही आता बरा होत नाही, तुमचा डोळा तरी होऊ दे. काका उठले. हरिपदच्या डाव्या हाताला धरून ते जिना उतरले. काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्या भांडी विसळत होत्या आणि त्यांनी तोंड माझ्याकडे केलं नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आधी एक डोळा, काही महिन्यांनी दुसरा. त्यांचा निरोप आला : कुमुदला सांगा, तो तुकडा असेल तर घेऊन ये.

तुकडा होता. मी तो कपाटातून कधीच काढून पर्समध्ये ठेवला होता, त्याच कागदात. दादाची बदली झालेली होती, पुढच्या आठवड्यात आम्ही कलकत्ता सोडणार होतो. मी डमडमला गेले. काका सज्जात बसले होते. जाड काचांचा चष्मा, त्यामागे डोळे केवढे तरी मोठे. हात पहिल्यांदाच मला खरोखर गोरे दिसले. तळव्याच्या रेषा फिक्या पडल्या होत्या, आणि मला एकदम भडभडून आलं.

"किती वाळलीस ग," ते म्हणाले. "की तू अशीच होतीस आणि मला दिसत नव्हतीस?"

मी त्यांचं भिंग आणि तुकडा पुढे केला. त्यांनी कागद उलगडला. खडूचा ‘टि’ पुसट झाला होता, तो आधी पाहिला. मग तुकडा उन्हात धरला, भिंग लावलं. गल्लीत कुणीतरी सायकल दुरुस्त करत होतं, त्याची ठोकठोक ऐकू येत होती. ते फार वेळ बघत राहिले.

"सात आहेत," ते म्हणाले. "अगदी उघडे. कुणालाही दिसावेत असे."

मी खाली बघत होते.

"कुमुद, तू माझ्या शेजारी उभी होतीस. तुला दिसले होते का?"

खोटं बोलता आलं असतं. ते त्यांनी मानलंही असतं, कदाचित त्यांना तेच हवं होतं. पण त्या मोठ्या झालेल्या डोळ्यांसमोर मला खोटं सुचेना.

"दिसले होते, काका."

"किती?"

"तीन."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. भिंग माझ्या हातात दिलं, तुकडा माझ्या समोर धरला आणि पहिल्या आठवड्यात सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "नीट बघ. डावीकडून सुरू कर."

मी मोजले. एक, दोन, तीन. चौथा कडेला होता. पाचवा आणि सहावा जवळजवळ. माझे डोळे भरून आले होते, सातवा सापडेना. ते थांबून राहिले. त्यांनी बोट दाखवलं नाही. मी डोळे पुसले, पुन्हा डावीकडून सुरुवात केली आणि सातवा सापडला.

"सात," मी म्हटलं.

"हं." त्यांनी तुकडा परत कागदात गुंडाळला, पण मला दिला नाही, स्वतःच्या खिशात ठेवला. मग अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाले, "आणि पुण्याची म्हणे."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही चहा प्यायलो. दादाच्या बदलीचं, नव्या गावाचं बोललो. निघताना मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

जिना उतरून मी गल्लीत आले. पूर्वीही ते सज्जातून हात हलवायचे, पण शेवटचं वर्षभर मी कुठे असेन त्याच्या अंदाजाने, कधी पानवाल्याकडे, कधी रिकाम्या भिंतीकडे. मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी गल्लीच्या वळणापाशी पोचून मी मागे पाहिलं. ते कठड्याला धरून उभे होते आणि इतक्या लांबून सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी हात वर केला तो बरोबर माझ्या दिशेने. त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. देवाने त्यांची दृष्टी परत दिली होती, आणि मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, की आज नको, निदान मी हे वळण ओलांडेपर्यंत तरी त्यांना दिसू नये.